अकरावा रकाना

फॉर्मवर अकरावा रकाना : समाज.
इथे माझं पेन दर वेळी अडखळतं.
मुंबईच्या लॅबला कळायला हवं म्हणे
रक्त कुठल्या बाजूने आलंय.

रेवदंड्यात ते सगळ्याच बाजूंनी आलंय.

रोझालिना मार्टिस, वय सव्वीस, कोर्लई.
बाळंतपणाला एकोणीस दिवस.
डावी पोटरी टणक, लालसर, हाताला चटका देणारी.
सासू म्हणाली, वाताचं आहे, रोज तेल चोळते.
मी म्हटलं, आधी ते चोळणं थांबवा.

आई अशीच गेली होती तिची.
धाकट्याच्या वेळी, सहाव्या दिवशी
दम लागला म्हणून उठून बसली,
आणि तेवढंच.
शेजारणी म्हणाल्या, दृष्ट.
पाद्री म्हणाले, देवाची मर्जी.
रक्त साकळलं, असं कुणीच म्हणालं नाही.

दोन नळ्या घेतल्या : निळ्या टोपणाची, जांभळ्या टोपणाची.
निळी रेघेपर्यंत भरायची,
मग हलक्या हाताने उलटसुलट,
झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तशी.
बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या.

रिपोर्ट आला. फॅक्टर फाइव्ह, एक अक्षर बदललेलं.

डॉक्टर निमकर चष्मा पुसत म्हणाले,
युरोपात हे शंभरात चार-पाच जणांत सापडतं.
चीन-जपानात शोधून सापडत नाही,
तिकडे दुसरीच कडी कच्ची असते.
मी नकळत खिडकीतून किल्ल्याकडे बघितलं.
ते हसले. एवढं सोपं नसतं हो.
हे अक्षर गलबतांपेक्षा कितीतरी जुनं.
खुष्कीने आलं असेल, इराणकडून आलं असेल,
तुमच्या-माझ्यातही असेल, आपण कुठे बघितलंय?

मग असंही म्हणाले (हे पक्कं नाही, फक्त तर्क आहे) :
ज्यांचं रक्त बाळंतपणात थांबेना, त्या गेल्या.
ज्यांचं चटकन साकळलं, त्या उरल्या.
उरलेल्यांच्याच लेकी सगळ्या.

रोझालिनाला हे मी सांगितलं नाही.
आईला मारणारं आणि खापरपणजीला वाचवणारं
एकच अक्षर,
हे तिच्या ओटीत कसं घालायचं?

पुढच्याच महिन्यात मसूद सिद्दी, मुरूड.
मिनीडोअर चालवतो, बारा-बारा तास स्टिअरिंगमागे.
गुठळी पायातून थेट फुप्फुसात. वाचला.
त्याच्याही नळ्या गेल्या, त्याच एसटीने.
सगळं कोरं. काही दोष नाही.

त्याने कागद उलटा करून बघितला.
वडील असे गेले, चुलते असे गेले,
आणि माझ्यात काहीच नाही?

निमकर बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, जाळ्याचा आस मोठा असला
की बारीक मासळी निसटते,
आणि आपण म्हणतो दर्यात नव्हतीच.
ही यादी ज्यांच्या रक्तावरून झाली
त्यांत तुझी माणसं फारशी नव्हती.

त्या दिवसापासून मी रकाना रिकामा ठेवते.
त्याच्या कडेला, समासात, बारीक अक्षरात लिहिते :
आई फिलोमेना, बाळंतपणात, सहावा दिवस.
वडील, चुलते, अचानक, दम लागून.
लॅबवाले फोन करतात, मॅडम, अकरा नंबर राहिला.
मी म्हणते, समास वाचा.

रोझालिना दर पंधरवड्याला येते, रक्त किती पातळ झालं ते बघायला.
बाळाशी नो लिंगमध्ये बोलते.
मला त्यातला एकच शब्द कळतो, माय,
आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला
की दोघांकडे आधीपासून होता,
ते मी विचारत नाही.
लेकीचीही तपासणी करायची का, विचारते ती.
मोठी होऊ दे, म्हणते मी. आत्ता फक्त लक्षात ठेव.

मसूदला डॉक्टरांनी खाडीचं उदाहरण दिलं होतं :
बंदर बुजलं ते वादळाने नाही,
पाणी बसून राहिलं म्हणून.
आता तो चौल नाक्यावर गाडी थांबवतो,
उतरतो, चार फेऱ्या मारतो, टाचा उचलतो.
मागून टोपलीवाल्या ओरडतात, म्हावरं खराब होतंय रे!
तो म्हणतो, थांबा की जरा,
गाळ हलवतोय.